घरातल्या सगळ्यांना झेपेल असा कुत्रा: कोकणातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलं-नातवंडं सुटीला गावी आली की कुत्र्याचा विषय निघतोच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पिल्लांना घरं शोधून देताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगते. कुत्र्याचा हट्ट कोणी धरलाय ते बघू नका. जून ते सप्टेंबर, बाहेर पाऊस कोसळत असताना, दिवसभर त्याच्याबरोबर घरात कोण असणार आहे ते बघा. त्या माणसाला जो झेपेल, तोच पुढे सगळ्यांचा होतो.

सुरुवात कुठून करायची? आधी जात ठरवायची का?

जात सर्वांत शेवटी. आधी घरातल्या सगळ्यांनी ओटीवर बसून चार गोष्टी बोलून घ्या. सकाळ-संध्याकाळ त्याला खायला कोण घालणार? भर पावसात शी-शूसाठी बाहेर कोण नेणार? डॉक्टरकडे कोण नेणार आणि कोणत्या गाडीतून? रात्री तो कुठे झोपणार? बहुतेक घरांत पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच निघतं: आई, आजी किंवा वहिनी. मग शेवटचा शब्दही त्यांचाच असायला हवा. त्या मनापासून हो म्हणेपर्यंत थांबा. कुत्रा बारा-चौदा वर्षं जगतो. आज सातवीत असलेला मुलगा तोवर शिकून पुण्या-मुंबईला नोकरीला लागलेला असेल, आणि कुत्रा मात्र आईच्याच पायाशी असेल.

गावठी घ्यावा की जातिवंत?

कोकणातल्या घराला मी आधी गावठीच सुचवते, आणि त्याला कारण आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तोंडातला ओलावा उडून जातो आणि त्यातून अंग थंड होतं. आपल्याकडे हवाच इतकी दमट असते की तो ओलावा लवकर उडत नाही. त्यामुळे देशावरच्या कोरड्या उन्हात जो कुत्रा तग धरतो, तोच एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर हैराण होतो. गावठी कुत्र्याची लव आखूड, अंग सडपातळ, नाक लांब आणि कान उभे. भिजला तरी लवकर सुकतो, आणि उभ्या कानात हवा खेळती राहत असल्याने कान सहसा पिकत नाहीत.

पण गावठी म्हणजे त्याला काही होत नाही, हा समज सोडून द्या. पार्व्हो आणि डिस्टेम्पर या विषाणूंच्या आजारांनी गावठी पिल्लं पटापट दगावतात. लस त्यालाही तितकीच लागते, जंताचं औषधही लागतं. स्वभावाने तो सावध असतो, अनोळखी माणसावर भुंकतो, आपली हद्द राखतो. ज्या घरात माणसांची सारखी ये-जा असते, तिथे त्याला लहानपणापासून लोकांची सवय लावावी लागते. तीन ते बारा-चौदा आठवडे हा त्यासाठी फार मोलाचा काळ. त्या दिवसांत त्याने दाढीवाले आजोबा, रेनकोट घातलेला पोस्टमन, रिक्षा, लहान मुलं, गुरं सगळं शांतपणे पाहिलं की पुढे तो उगाच बिचकत नाही.

मुलाला हस्की हवा आहे. खोलीत एसी लावला तर चालेल का?

नको. एसीवर जगणारा जीव कोकणात आणणं म्हणजे त्याचा जीव विजेच्या तारेवर ठेवणं. आपल्याकडे पावसात लाइट कितीदा जाते ते सगळ्यांना माहीत आहे. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, शिवाय त्याला रोज भरपूर पळायला लागतं. चोवीस तास खोलीत कोंडला तर तो घर कुरतडतो, रडतो आणि संधी मिळताच पळतो. मुलाला हे समजावून सांगता येतं. त्याला हस्कीचे डोळे आवडलेले असतात. त्याला पिल्लांजवळ नेऊन बसवा, तासाभरात त्याचं त्याचं एखादं ठरतं.

मग लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन, पग यांचं काय?

लॅब्राडोर स्वभावाने मोठ्या घराला चांगला. माणूसवेडा, मुलांत रमणारा, पाण्याला न घाबरणारा. त्याच्या अडचणी दोन. खायला घालाल तितकं खातो, आणि आपल्या घरांत ताटातला भात-मासा त्याच्या पुढ्यात जातोच, त्यामुळे तो फुगतो आणि मागच्या पायाचे सांधे दुखायला लागतात. दुसरं म्हणजे लोंबते कान. पावसाळ्यात ते आठवड्यातून दोनदा तरी उचलून बघावे लागतात. वास आला, तो डोकं झाडायला लागला, की डॉक्टर. हे करणारं कोणी घरात असेल तर खुशाल आणा. पण सत्तरीच्या आजीच्या हातात तीस किलोचा तरुण लॅब्राडोर देऊ नका. तो प्रेमानेच उडी मारेल, पण आजी शेवाळलेल्या पायरीवर उभी असेल तर खुबा मोडेल.

जर्मन शेफर्ड हुशार, पण त्याला रोज काम लागतं आणि शिकवणारा एक ठाम माणूस लागतो. नुसता साखळीला बांधून ठेवला तर चिडका होतो. केस दाट, त्यामुळे गोचीड लपायला भरपूर जागा.

आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून जो पांढरा कुत्रा पाळतात, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. छोटा, चलाख, वयस्क माणसांबरोबर छान राहतो. भुंकतो फार. केस रोज विंचरायला हवेत, नाहीतर पावसात गुंतून खालची कातडी ओली राहते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला या हवेत श्वास घेणंच कष्टाचं जातं, म्हणून मी तो सुचवत नाही. डॅशहुंड गोड, पण त्याची पाठ लांब आणि मणके नाजूक. ज्या घराला पाखाडीच्या पन्नास पायऱ्या चढून जावं लागतं, तिथे तो नको. कारवान (कॅरव्हान हाउंड) देखणा, दणकट, मूळ देशावरचा. पण पळणारी वस्तू दिसली की तो मागे धावणार, तेव्हा शेजाऱ्यांच्या कोंबड्यांचा विचार आधी करा. रॉटवायलर, पिटबुलसारखे कुत्रे पहिलटकर कुटुंबाने आणूच नयेत.

आजी म्हणतात, "कुत्रो दारात बरो, घरात नको." काय करायचं?

त्यांचं ऐका. देवघर, सोवळं, स्वयंपाकघर ही त्यांची काळजी खरी आहे, आणि ती मानूनही कुत्रा सुखात राहू शकतो. पडवी त्याची, ओटीपर्यंत मुभा, माजघराचा उंबरा ओलांडायचा नाही, असं पहिल्याच दिवशी ठरवा. कुत्रा असे नियम पटकन शिकतो, फक्त ते सगळ्यांनी पाळले पाहिजेत. दादाने लाडाने आत घ्यायचं आणि आजीने हाकलायचं, असं चाललं तर त्याला काहीच कळत नाही. जमलं तर त्याची सकाळची भाकरी आजींच्याच हातून द्या. ज्या दत्तगुरूंच्या तसबिरीसमोर त्या हात जोडतात, तिथेही पायाशी चार कुत्रे बसलेले असतात. पण हे त्यांना ऐकवायला जाऊ नका. त्यांचं त्यांना उमगू द्या.

आजींना भीतीच वाटत असेल, लहानपणी चावला असेल, तर मात्र बेत पुढे ढकला. भीतीवर जबरदस्तीने इलाज होत नाही.

घरात दोन वर्षांचं मूल आहे. आत्ताच आणावा का?

पिल्लू आणि रांगतं-दुडदुडतं मूल ही दोन्ही कामं एकाच आईवर पडतात. शक्य असेल तर मूल पाच-सहा वर्षांचं होऊ द्या. कुत्रा आधीपासून असेल तर एक नियम कडक ठेवा: मूल आणि कुत्रा, मोठं माणूस जवळ नसताना, एका मिनिटासाठीही एकटे नकोत. कुत्रा कितीही गरीब असो.

मुलाला एवढं शिकवा: तो खाताना, झोपलेला असताना किंवा कुत्री पिल्लांना पाजत असताना हात लावायचा नाही. गळ्याला मिठी मारायची नाही, शेपटी ओढायची नाही. आणि मोठ्यांनी कुत्र्याकडे बघायला शिकावं. मूल जवळ आलं की तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, अंग ताठ होतं. म्हणजे त्याला ते नको आहे. त्यानंतर तो गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नका, मुलाला बाजूला घ्या. मार खाऊन गुरगुरणं सोडलेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो.

आई-बाबा गावी दोघेच आहेत. सोबतीला पिल्लू आणून देऊ का?

हा प्रश्न मुंबईतून येतो तेव्हा त्यामागची माया कळते. पण सोबत द्यायची तर पिल्लू देऊ नका. पहिले काही महिने पिल्लू दर दोन-तीन तासांनी शू करतं, रात्री रडतं, चपला आणि काथ्याच्या दोऱ्या चावतं, पायांत घुटमळतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते झेपत नाही.

तीन-चार वर्षांचा, शांत, लस झालेला, शक्यतो नसबंदी झालेला गावठी किंवा मिश्र जातीचा कुत्रा द्या. दहा-पंधरा किलोचा पुरे. त्याचा स्वभाव तयार झालेला असतो, तो कसा आहे हे आधीच कळतं. दोन-तीन दिवस आई-बाबांबरोबर ठेवून बघा. आणि एक जबाबदारी तुम्ही घ्या: डॉक्टरकडे नेणारा माणूस गावात ठरवून द्या, एखादा रिक्षावाला, शेजारचा मुलगा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लस, ताप, जखम होऊन जातं. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुष्कळदा कोल्हापूर, गोवा किंवा मुंबई गाठावी लागते. तो खर्च कोण करणार हेही आत्ताच बोला.

आम्ही मे महिन्यात आणि गणपतीत गावी असतो. गावच्या घरी कुत्रा ठेवून शेजाऱ्यांना खायला घालायला सांगितलं तर?

कृपा करून असं करू नका. मे महिन्यात मुलांना खेळायला आणलेलं पिल्लू जूनमध्ये बंद घराच्या पडवीत बसून राहतं. शेजारी भाकरी टाकतात, चांगली माणसं असतात ती. पण कुत्रा भाकरीसाठी थांबलेला नसतो. आठ-दहा आठवड्यांच्या त्या जिवाला पावसात आडोसा नाही, लसीचा दुसरा डोस नाही, गोचीड काढणारं कोणी नाही. गणपतीला तुम्ही येता तेव्हा तो पुष्कळदा नसतोच. मुलांना कुत्र्याचा लळा लावायचा असेल तर सुटीत वाडीतल्याच कुत्र्यांना जीव लावा, त्यांच्या लसीचा आणि नसबंदीचा खर्च उचला. मुलं त्यातून जास्त शिकतील.

वानर आणि रानडुकरं बाग उद्ध्वस्त करतात. राखणीला कुठला कुत्रा चांगला?

आंबा-काजू-नारळाच्या आगरात कुत्र्याचा उपयोग होतो, पण अपेक्षा माफक ठेवा. वानरं आली की चांगला गावठी भुंकून सावध करतो, तुम्हाला हाक देतो. टोळीतला मोठा नर अंगावर आला तर मात्र कुत्रा फाडला जाऊ शकतो, आणि रानडुकराचा सुळा त्याहून वाईट. त्याला एकट्याला बागेत सोडून माणसं घरी झोपायची, ही राखण नव्हे. घर आणि बाग दोन्हींची राखण हवी असेल तर कुत्र्याची जोडी बरी, आणि दोन्ही माणसांत वाढलेले. आंबे उतरवायच्या दिवसांत खाली पडलेल्या कोयी उचला. कोय गिळली की आतड्यात अडकते. काजूच्या बियांची कच्ची टरफलंही चघळू देऊ नका, त्यातलं तेल तोंड भाजतं.

रात्री कुठे ठेवायचा? आमच्याकडे बिबट्या फिरतो.

आत. एवढंच उत्तर आहे. बिबट्यासाठी कुत्रा हे सोपं भक्ष्य, आणि साखळीला बांधलेला कुत्रा तर पळूही शकत नाही. दगडांचा गडगा बिबट्याला अडवत नाही, तो सहज उडी मारून येतो. दिवे लागणीला कुत्रा घरात किंवा जाळीबंद पडवीत आला पाहिजे. ग्रील असेल तर वरची फटही बुजवा. राखणीसाठी खळ्यात, म्हणजे अंगणात, बांधायलाच हवा, असं ज्यांचं मत आहे त्यांना मी पिल्लू देत नाही. आतून भुंकलेलाही बाहेर ऐकू जातो.

पावसाळ्यात काय काय बघावं लागतं?

हा प्रश्न लोक पिल्लू आणल्यावर विचारतात. तो आधी विचारायला हवा, कारण कोकणात कुत्रा पाळणं म्हणजे निम्मं हेच.

पहिली गोचीड. संध्याकाळी पडवीत दिव्याखाली कुत्र्याला आडवं करा आणि बोटांनी वाचत जा: कानाच्या आतली घडी, मानेची पट्टी जिथे घासते ती जागा, काखा, शेपटीचं मूळ, आणि शेवटी पायाच्या बोटांमधली कातडी. तिथे मसुराएवढं टणक काही लागलं की चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायचं, पिळायचं नाही, आणि साबणाच्या पाण्यात टाकायचं. नखाने चिरडू नका. रॉकेल लावू नका. गुरांच्या गोचिडीचं औषध अंदाजाने कुत्र्याला तर मुळीच लावू नका, त्याने कुत्री मेलेली आहेत. डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे औषध घ्या. गोचीडतापात कुत्रा सुस्त होतो, खात नाही, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. यातलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून माणसांना माकडताप झालेला आहे, तोही गोचिडीमुळेच पसरतो. जंगलात भटकून आलेला कुत्रा अंथरुणात घेण्याआधी तपासा.

दुसरा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून तो शेतातल्या, गटारातल्या साचलेल्या पाण्यात येतो, कुत्र्याला होतो आणि कुत्र्याच्या मुतातून माणसालाही होऊ शकतो. भातलावणीच्या दिवसांत आपल्याकडे त्याची भीती असतेच. म्हणून वार्षिक लसीत लेप्टो आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या, आणि त्याची शू-शी साफ करताना हातमोजे घाला.

तिसरे साप. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही आपल्याकडे आहेत, आणि कातळावर, दगडांच्या खाचीत फुरसं जास्त. कुत्रा नाक खुपसतो म्हणून त्याला चावा बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर बसतो. पट्टी आवळू नका, चिरा देऊ नका, चालवू नका. उचलून गाडीत घाला आणि डॉक्टरांना आधी फोन करा, कारण सापाच्या विषावरचं इंजेक्शन त्यांच्याकडे आहे का ते कळायला हवं.

बाकी, तो भिजला की जुन्या पंच्याने पुसा, बोटांच्या मधलं विसरू नका. पहिल्या पावसात अंगणात भेक निघतात. पिल्लाने तोंडात धरला तर तोंडाला फेस येतो. तोंड खाली करून पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना कळवा.

घरात कोंबड्या आणि मांजर आहे.

पिल्लू लहान असतानाच, पट्टा लावून, कोंबड्या दाणे टिपत असताना लांब बसवा. बघून दुर्लक्ष केलं की खाऊ. रोज थोडं थोडं जवळ. एकदा कोंबडी मारण्याची चटक लागली की सुटणं कठीण. मांजर स्वतःचं बघून घेतं, त्याला उंच जागा तेवढी ठेवा.

नर घ्यावा की मादी?

लोक सरसकट नर मागतात आणि माद्या मागे राहतात, मग कोणीतरी त्या बाजारात सोडून येतं. मादी घराला चिकटून राहते, माणसांचं ऐकते, आणि नसबंदी केली की लोकांना वाटणारी अडचणच उरत नाही. नसबंदी न केलेला नर भादव्यात दिवसचे दिवस गायब होतो, भांडून जखमा घेऊन येतो, आणि संबंधातून पसरणारी एक गाठ आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांत बरीच दिसते, तीही आणतो. नसबंदी न केलेल्या मादीला उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. त्यामुळे नर असो की मादी, नसबंदी करा. योग्य वय डॉक्टर सांगतील.

खायला काय? आमच्याकडे भात आणि मासेच असतात.

चालतं, पण नुसती पेज किंवा भात-कालवणाचं पाणी म्हणजे जेवण नव्हे. भातात उकडलेला मासा काटे काढून, अंडं, कोंबडीचं मटण किंवा कलेजी, थोडा भोपळा-गाजर असं मिसळा. मीठ, तिखट नको. सुकटी आणि खारे बोंबील खारटपणामुळे नकोत, कितीही आशेने बघत असला तरी. शिजवलेली हाडं टोचतात. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका त्याला विषारी आहेत, म्हणून प्रसादाच्या शिऱ्यातले मनुके बाजूला करा. आणि माणसांची दुखण्याची गोळी कधीही देऊ नका.

घर किनाऱ्याला लागूनच आहे. काही वेगळं?

समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि सुकवा, नाहीतर मीठ आणि वाळूने खाजवून खाजवून जखमा होतात. बाहेर नेताना पिण्याचं पाणी बरोबर घ्या, नाहीतर तो खारं पाणी पितो आणि उलट्या करतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली की वाळूत टाकाऊ मासे पडतात. त्यात फुगणारा केंड असतो, तो फार विषारी. म्हणून "सोड" हा शब्द पिल्लाला सर्वांत आधी शिकवा. दुपारी डांबरावर किंवा कातळावर नेण्याआधी हाताची उलटी बाजू टेकवून बघा. पाच सेकंद ठेववत नसेल तर त्याचेही पाय भाजतात.

आमचा होमस्टे आहे. पाहुण्यांत कुत्रा चालेल का?

चालेल, पण शांत आणि मोठा झालेलाच निवडा, आणि त्याला पाहुण्यांपासून दूर अशी स्वतःची जागा द्या. खोली देतानाच कुत्रा आहे हे सांगा. काहींना भीती असते, काहींना ॲलर्जी.

पिल्लू कुठून घ्यायचं आणि कसं पारखायचं?

शक्य तर गावातल्याच एखाद्या घरच्या कुत्रीचं, किंवा संस्थेकडून. जातिवंतच हवं असेल तर पैसे देण्याआधी आई आणि पिल्लं राहतात ती जागा डोळ्यांनी बघा. "हायवेला गाडी घेऊन येतो, तिथेच घ्या," म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. आजारी पिल्लं अशीच खपवली जातात. २०१७च्या नियमांनुसार ब्रीडरची नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. छापील वंशावळीचा कागद म्हणजे तब्येतीची हमी नव्हे.

आई बघणं सर्वांत महत्त्वाचं. ती माणसांना घाबरत असेल किंवा अंगावर येत असेल तर पिल्लांतही ते उतरतं. मग पिल्लांजवळ जमिनीवर बसा, काही करू नका. एक धावत येऊन सगळ्यांना ढकलतं, एक कोपऱ्यात दडतं, एक जवळ येतं, हुंगतं आणि शेजारी बसतं. पहिल्यांदा पाळणाऱ्या घराला तिसरं द्या. स्टीलचं ताट थोडं लांब पाडा. दचकून परत बघायला आलं तर उत्तम. डोळे-नाक स्वच्छ, हिरड्या गुलाबी, शेपटीखालचा भाग कोरडा, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं नाही, एवढं बघून घ्या. घरी आणल्यावर दोन दिवसांत डॉक्टर. सहा ते आठ आठवड्यांपासून लस सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस, तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची, पुढे डॉक्टर देतील त्या तारखांना.

ॲलर्जी न होणारा कुत्रा असतो का?

नाही. केस कमी गळणारे असतात, पण त्रास लाळेतून आणि कोंड्यातूनही होतो. ज्याला दमा आहे, त्याला निवडलेल्या कुत्र्याबरोबर तीन-चार वेळा तासभर बसवून बघा, मगच आणा.

लस झालेला घरचाच कुत्रा चावला तरी इंजेक्शन घ्यायचं का?

आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका, पट्टी आवळू नका. मग लगेच सरकारी दवाखान्यात जा आणि कुत्र्याच्या लसीचं कार्ड दाखवा. निर्णय डॉक्टर घेतील. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवतात, पण ते दहा दिवस संपायची वाट बघत इंजेक्शन लांबवू नका. ओरखडा असला तरी दाखवा, आणि मुलांना सांगून ठेवा की लपवलं तर ओरडा मिळेल, सांगितलं तर नाही. रेबीज झाल्यावर इलाज नाही.

शिमगा, गणपती, दिवाळी. आवाजाचं काय करायचं?

पालखी दारात येते तेव्हा ढोल-ताशा अगदी खळ्यात असतो. त्याआधी कुत्र्याला फिरवून, खायला घालून मागच्या खोलीत ठेवा, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा, ओळखीचं माणूस जवळ बसवा. गणपतीत घरात वीस-पंचवीस माणसं येतात, दार सतत उघडं असतं. घाबरलेला कुत्रा तेव्हाच पळतो आणि रस्त्यावर सापडतो. त्या दिवसांत गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवाच. फटाक्यांच्या आवाजाने थरथरणारा असेल तर आधी डॉक्टरांना भेटा.

कोणत्या महिन्यात आणावं?

दसरा झाल्यावर. पाऊस ओसरलेला, हवा बरी, घरातली गर्दी गेलेली. पुढच्या पावसाआधी लशी पूर्ण होतात आणि पिल्लू घर शिकलेलं असतं. मे महिना आणि गणपतीचे दिवस टाळा.

सगळं करूनही जमलं नाही तर?

पहिले तीन-चार आठवडे कठीण जातातच, तेवढ्यात निर्णय घेऊ नका. अडचण कुठे आहे ते नीट सांगा: रात्री रडतो, आजीला ओढतो, मुलावर गुरगुरतो. पहिल्या दोन गोष्टींवर उपाय निघतो. तिसरी असेल तर त्याच दिवशी फोन करा आणि मूल व कुत्रा वेगवेगळे ठेवा. शेवटी खरंच झेपत नसेल तर ज्यांच्याकडून घेतला त्यांना परत द्या, किंवा दुसरं घर मिळेपर्यंत सांभाळा. मी दिलेलं पिल्लू कधीही, कितीही वर्षांनी परत घेते. बाजारात, घाटात किंवा दुसऱ्या गावच्या किनाऱ्यावर नेऊन सोडू नका. त्या गावची कुत्री त्याला हद्दीत घेत नाहीत, आणि घरात वाढलेल्याला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही.